एकेचाळीस हजार तीनशे सात

बाउक्येची सायकल माझ्या शेडमध्ये आली
तेव्हा पुढच्या टोपलीत गोगलगायींनी संसार मांडला होता.
सव्वीस किलोचं धूड, सहा वर्षं जागेवर उभं,
साखळीवर खाऱ्या वाऱ्याचा तांबेरा.
"होत असेल तर बघ," ती म्हणाली.
"नसेल होत तर भंगारात दे, पण मला सांगू नकोस."

चौतीस वर्षं ती आमच्या पट्ट्यातली सुईण.
होलवर्ड, तेर्नार्ड, समुद्राच्या बांधाअलीकडची सगळी गावं,
शेवटची अकरा वर्षं हिच्यावर बसून.

पहिल्या संध्याकाळी फक्त पुसलं.
दुसऱ्या संध्याकाळी बॅटरीचं झाकण काढलं, शेजारी वाळूची बादली.
चाळीस सेल. दहा गट, गटात चौघं.
मल्टिमीटर टेकवत गेलो,
तीन पूर्णांक पाच, तीन पूर्णांक पाच, तीन पूर्णांक चार,
सातव्या गटात काहीच नाही.
सातव्यानं मान टाकली म्हणून बाकीच्या नवांनाही
दार बंद.

येल्मर टॉर्च धरून उभा होता. "तेवढेच चार बदल ना."
नाही रे. एका जुवाला म्हातारा आणि तरणा जुंपू नये,
दोघांचेही खांदे सोलतात.
आणि वेल्डिंग मी घरी करणार नाही.
भीती हेसुद्धा एक हत्यार आहे, पेटीत असावं.
लेउवार्डनच्या त्सेअर्डकडे दिलं, त्यानं सगळेच नवे भरले,
पैसे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मोटर मात्र मीच उघडली.
आतलं ग्रीस काकवीसारखं दाटलेलं,
तीन नायलॉनच्या चाकांपैकी एकाचे दात पडलेले,
चढाला ती जी कटकट करायची, ती ही.

कंट्रोलरमध्ये पाणी शिरलं होतं. नवा आणला.
नव्या कंट्रोलरला जुन्या डिस्प्लेची भाषा येईना,
म्हणून डिस्प्लेही नवा.
बटण दाबलं. शून्य.

येल्मर म्हणाला, "छान! लागलं की!"
मी खुर्चीवर बसलो.

जुन्यावर एकेचाळीस हजार तीनशे सात होते.
त्यातले अकरा आमचे.
सोळा वर्षांपूर्वी, वायव्येचं वादळ,
तेर्नार्डला बॅटरी संपली, पुढे ती नुसत्या पायांनी आली,
दारात उभी, गाल बीटासारखे, आणि पहिला प्रश्न,
"प्लग कुठंय?"
फ्राउक्ये कुठंय, हे नंतर.
चार्जर स्वयंपाकघरात रात्रभर गुणगुणत होता.
पाच वीसला त्याचा लाल दिवा हिरवा झाला,
साडेपाचला येल्मर.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही.
"टॉर्च नीट धर," म्हणालो.

बाउक्ये शनिवारी आली.
आधी ब्रेक दाबून बघितले. "मागचा सैल आहे."
खरंच होता. अर्धा आटा आवळला.
मग बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली,
दिसेनाशी झाली,
बराच वेळ आली नाही.
परतली तेव्हा नाक गळत होतं. "कटकट गेली रे."
आकड्याचं मी चाचरत सांगितलं.
"मी फक्त चार्ज बघते," म्हणाली, "चष्मा नसतो ना."

तिला कागदावर लिहून दिलंय:
साखळीला महिन्यातून दोनदा तेल, थेंबभर, ओतायचं नाही.
हिवाळ्यात बॅटरी घरात, साठ टक्क्यांवर.
रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही.
या शेवटच्या ओळीला ती खूप हसली.

जुना डिस्प्ले माझ्या खणात आहे, स्क्रूच्या डब्याखाली.
कधीतरी, शेडमध्ये कोणी नसताना,
त्याला छत्तीस व्होल्ट देतो.
हिरवट उजेडात आकडा येतो,
एक कोपरा गेलाय, सात कधीकधी एक वाटतो.
मग वायर काढतो,
हात पुसतो, आणि जेवायला जातो.